दुपारचा पाव तास

परवाच्या रविवारी भाची जेवायला आली होती. पणजीत एका कंपनीत नोकरी करते. वय तिशीच्या आत-बाहेर. पानावर बसून दोन घास घेतले असतील-नसतील, तोच तिच्या मनगटावरचे घड्याळ थरथरले. ती लगेच उठली आणि उष्ट्या हाताने दिवाणखान्यात फेऱ्या मारू लागली. आमची सौभाग्यवती घाबरली, म्हणाली, "काय गं, पोटात दुखतं का?" भाची हसली. म्हणाली, "नाही मामी, तासभर बसून झाला की हे उठायला सांगतं. ऑफिसात स्पर्धा आहे. महिन्यात ज्याची पावलं सगळ्यांत जास्त, त्याला बक्षीस."

मग तिने सगळी हकिकत सांगितली. कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी मोठा कार्यक्रम आखला आहे. सोमवारी सकाळी पडद्यावर बघून योगासने, महिन्यातून एकदा आहारतज्ज्ञाचे व्याख्यान, शुक्रवारी फळांची टोपली. ऐकून मला बरे वाटले. आमच्या वेळी ऑफिसने आमच्या आरोग्यासाठी केलेली एकच गोष्ट मला आठवते, ती म्हणजे जिन्यात लावलेली 'येथे थुंकू नये' ही पाटी!

सहज विचारले, "आणि जेवतेस कधी?"

"जेवते की मामा. कॉम्प्युटरसमोरच. दीड ते अडीच रोज मीटिंग असते ना."

गेली दोन वर्षे ती आम्लपित्ताच्या गोळ्या घेते आहे. मान दुखते. दुपारी तीननंतर डोके चालत नाही, म्हणून दोन कॉफ्या, आणि त्या कॉफ्यांमुळे रात्री झोप नाही. हे सगळे तिने हसत हसत सांगितले. शेवटी म्हणाली, "तुमच्या वेळी बरं होतं मामा. गोव्यातली सरकारी-निमसरकारी ऑफिसं म्हणजे सुशेगाद!"

मी काही बोललो नाही. पण ती गेल्यावर दुपारी आडवा झालो आणि डोळ्यांसमोर भाई आले.

भाई आमच्या हिशेब विभागात होते. नाव लिहीत नाही, आम्ही सगळे त्यांना भाईच म्हणायचो. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. मी परीक्षा देऊन त्यांच्या पुढे गेलो आणि त्यांचा वरिष्ठ झालो, पण त्याचे वैषम्य त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिले नाही. राहायचे मांडवीपलीकडे, बेतीला. रोज फेरीबोटीने यायचे. १९८६ च्या ५ जुलैला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा आम्ही पर्वरी-म्हापशाकडचे सगळेच त्या पावसाळ्यात फेरीवर आलो. रांगा, चिखल, छत्र्या, आणि धक्क्यापासून ऑफिसपर्यंत पायपीट. आम्ही कुरकुर करायचो, भाई मजेत असायचे. गंमत म्हणजे त्याच पावसाळ्यात माझ्या पँटी कमरेत सैल झाल्या. पुढे १९९२ साली नवा पूल झाला, मी स्कूटर घेतली आणि पँटी पुन्हा घट्ट झाल्या! भाई मात्र फेरीनेच येत राहिले. म्हणायचे, "पुलावर धूर मिळतो, फेरीत वारा मिळतो."

जेवणाची सुट्टी पाऊण तासाची होती. एक ते पावणेदोन. भाई हिशेबी माणूस, त्यांनी तिचे तीन सारखे भाग केले होते. पंधरा मिनिटे जेवण. डबा साधा, शीत, आमटी किंवा हुमण, एखादी भाजी. मग पंधरा मिनिटे नदीकाठाने चक्कर. आणि उरलेली पंधरा मिनिटे खुर्ची भिंतीला टेकवून, डोळ्यांवर रुमाल टाकून डुलकी. जाताना शेजाऱ्याला सांगायचे, "मात्सो आड पडटां." आडवे व्हायला जागा कुठली, पण शब्द तोच. पावणेदोनला गजर नसताना डोळे उघडायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि खतावणी पुढे ओढायचे. दुपारी केलेली त्यांची बेरीज मी कधीही पुन्हा तपासली नाही. तपासायची गरजच नसे.

सकाळीही त्यांची एक सवय होती. दर तासा-दीड तासाने उठायचे. कुणाला फाइल द्यायची असेल तर शिपायाला हाक न मारता स्वतः नेऊन द्यायचे. माठातले पाणी प्यायचे, खिडकीतून समोरच्या झाडाकडे बघायचे आणि परत बसायचे. मला वाटायचे, माणूस वेळ काढतो आहे.

१९९४ साली आमच्याकडे एक नवे साहेब आले. कडक, वक्तशीर, स्वतः दुपारी जेवत नसत. एके दिवशी दुपारी ते फिरत फिरत विभागात आले. भाई रुमाल टाकून बसले होते. साहेबांनी मला आत बोलावले आणि सांगितले, कार्यालयीन वेळेत झोपल्याबद्दल मेमो तयार करा.

मी मेमो लिहिला. इंग्रजीत, नेहमीच्या साच्यात. 'कार्यालयीन वेळेत निद्रिस्त आढळल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा करावा.' लिहिताना मला पुरते ठाऊक होते की साहेब विभागात आले तेव्हा दोन वाजायला वीस मिनिटे होती. म्हणजे सुट्टी अजून संपलेली नव्हती, भाईंची पाच मिनिटे शिल्लक होती. साहेबांना घड्याळ दाखवणे मला सहज शक्य होते. दाखवले नाही. माझी बढती होऊन फार दिवस झाले नव्हते.

भाईंनी खुलासा दिला, दोन ओळींचा. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असे होणार नाही. आणि खरोखरच पुन्हा तसे झाले नाही. डुलकी गेली. पुढच्या महिन्यात सुट्टी अर्ध्या तासावर आली, म्हणून चक्करही गेली. भाई टेबलावरच, फाइल उघडी ठेवून जेवू लागले. दुपारी ग्लानी यायची म्हणून चहा. एकाचे तीन झाले, चहाबरोबर मिरचीभजी आली. सारखे उठणेही साहेबांना आवडत नाही हे सगळ्यांना कळले, तेव्हा शिपायाला हाक मारणे सुरू झाले. मार्चअखेरच्या दिवसांत आम्ही सगळे रात्री आठ-साडेआठपर्यंत बसायचो. भाईंची फेरीही सुटली, ते बसने जाऊ लागले.

वर्षभरात त्यांच्या बेरजा चुकू लागल्या. सहाचे नऊ व्हायचे, एक ओळ दोनदा धरली जायची. मी लाल पेन्सिलीने खुणा करायचो आणि एकदा तर सगळ्यांसमोर बोललो, "भाई, लक्ष कुठे असतं तुमचं?" माझ्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. चुका सकाळच्या कामात नव्हत्या. सगळ्या दुपारी अडीच ते चारमधल्या होत्या.

१९९७ च्या मार्चमध्ये, दुपारी साडेतीनच्या सुमारास, भाईंच्या हातातून पेन गळून पडले. त्यांनी ते उचलायला हात पुढे केला, तो हात गेला नाही. काही बोलायला तोंड उघडले, ते एका बाजूला ओढले गेले. आम्ही त्यांना इस्पितळात नेले. जीव वाचला, उजवा हात गेला.

डॉक्टरांनी सांगितले, रक्तदाब बरीच वर्षे असणार, कधी मोजलाच नव्हता. वडीलही असेच गेले होते. म्हणजे माझ्या मेमोने भाईंना झटका आला असे मी म्हणत नाही, कुणी म्हणणारही नाही. अशा आजाराला कारण एक नसते. पण त्या माणसाने स्वतःच्या शरीरासाठी दिवसात चार-पाच लहान लहान गोष्टी राखून ठेवल्या होत्या, आणि त्या एकेक करून आम्ही काढून घेतल्या, हे खरे आहे. कुणालाही न विचारता, कामाच्या नावाखाली.

आता थोडे मागे जातो. आमचे मूळ घर फोंडा महालातले. कुळागर आजोबांच्या वेळेपासूनचे. लहानपणी सुट्टीत तिथले काम पाहिलेले आहे. माणसे उजाडता उजाडता यायची. पाट साफ करणे, माडांना खत घालणे, पाडेली असला की सुपारी उतरवणे. उन्हे वर चढली की दहाच्या सुमारास सगळी कामे थांबायची. 'धा वरांची पेज.' उकड्या तांदळाची ऊन ऊन पेज, वर मीठ, सोबत खाऱ्यातले तोर नाहीतर भाजलेल्या सुक्या मासळीचा तुकडा. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ दोन्ही परत मिळायचे, वर जेवणापर्यंत पुरेल एवढी ताकद. दुपारी जेवण झाले की मांगराच्या सावलीत सगळे आडवे. उन्हे कलली की पुन्हा काम, ते काळोख पडेपर्यंत. कुणी त्याला आरोग्य कार्यक्रम म्हणत नव्हते. कामाचीच ती घडी होती.

आजोबा सोप्यावर डाव्या कुशीवर निजायचे. त्या निजेला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, वामकुक्षी. रात्री जेवणानंतर अंगणात फेऱ्या, तिला शतपावली. गोव्यातली दुपारची झोप पोर्तुगीजांनी आणली असे बाहेरचे लोक समजतात. 'सिएस्ता' हा शब्द मूळ लॅटिनमधल्या 'सहावा तास' अशा अर्थाच्या शब्दावरून आला, तो तिकडचा खरा. पण ज्या भाषेत वामकुक्षी आणि शतपावली असे दोन नेमके शब्द आधीपासून आहेत, तिला दुपारी आडवे व्हायला परक्यांनी शिकवले असेल असे मला वाटत नाही. आयुर्वेदाने मात्र दिवसाच्या झोपेला सरसकट परवानगी दिलेली नाही. निरोग्याने ती ग्रीष्मात घ्यावी, एरवी ती कफ वाढवते, असे सांगितले आहे. म्हणजे जुन्यांनाही प्रमाण ठाऊक होते.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या सगळ्याचे मी गोडवे गातो, पण त्या घरात दुपारी एक माणूस आडवे होत नसे. माझी आई. पुरुषांची पाने उठली की बायका जेवायच्या, मग भांडी, मग वाळवणे, तोवर चहाची वेळ. मांगरात निजणाऱ्या गड्यापेक्षा सोप्यावरच्या आजोबांची झोप लांब होती, आणि आईच्या वाट्याला ती नव्हतीच. विश्रांती कुणाला किती मिळणार हे बहुतेक वेळा अधिकारावरून ठरते. ऑफिसातही निराळे नव्हते. साहेबांच्या खोलीला दार होते, ते बंद करता यायचे. भाईंना फक्त रुमाल होता.

निवृत्तीनंतर मला या विषयावरचे काहीबाही वाचायचा नाद लागला. त्यातले दोन-तीन दाखले सांगतो.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. तो १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. एकच नोकरी, एकच बस, पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला. टपाल खात्यातही तसेच, बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा फिरणारे पोस्टमन बरे. मॉरिस यांचा प्रामाणिकपणा असा की पुढे त्यांनी बसवाल्यांच्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हर मुळात नोकरीला लागतानाच कमरेने जास्त होते, हेही त्यांनीच जगाला सांगितले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. पण बसून राहणे आणि हृदय यांचा काही संबंध आहे हा विचार तिथून पुढे आला. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर स्वतः फाइल नेऊन देणारे भाई होते.

दुसरा दाखला झोपेचा. अमेरिकेच्या नासाने लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांवर प्रयोग केला, त्याचा अहवाल १९९४ चा आहे. एका गटाला उड्डाणादरम्यान आळीपाळीने चाळीस मिनिटे विश्रांती दिली. त्यात ते सरासरी सव्वीस मिनिटे झोपले. दुसऱ्या गटाला विश्रांती दिली नाही. न झोपलेल्या वैमानिकांना प्रवासाच्या शेवटच्या दीड तासात, अगदी विमान उतरवतानासुद्धा, क्षणभराच्या ग्लानी येत होत्या. त्यांना स्वतःलाही त्या नेहमी कळत नव्हत्या. झोपलेल्यांची सावधानता आणि कामगिरी दोन्ही चांगल्या ठरल्या. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो, तो जेवलो नाही तरी येतो. तेव्हा आमच्या त्या उपाशी साहेबांनाही तो येत असणार. दार बंद असल्यामुळे आम्हाला दिसला नाही, इतकेच.

ग्रीसमध्ये तेवीस हजारांहून अधिक लोकांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून निदान तीनदा, अर्धा तास तरी दुपारी झोपणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी दिसले, आणि हा फायदा नोकरी-धंदा करणाऱ्या पुरुषांमध्ये अधिक ठळक होता. अर्थात त्या लोकांचे खाणे, चालणे, स्वभाव, सगळेच निराळे असू शकते. तास-दोन तासांची गाढ झोप तर रात्रीची झोप बिघडवते, तिची बाजू मी घेत नाही. मी पाव तासाबद्दल बोलतो आहे.

उलट बाजूही पाहा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली जाहीर केले की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो. हे वाचले त्या दिवशी मी आमच्या मार्चअखेरच्या आठवड्याचे तास कागदावर मांडले. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ, सहा दिवस. छासष्ट झाले.

गोव्याची तर गोष्टच निराळी. २०२३ साली देशभरातल्या मधुमेहाच्या पाहणीचे आकडे आले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्याचे २६.४, सगळ्या राज्यांत पहिला नंबर! चारांत एकाहून जास्त. या आकड्यात मीही आहे.

माझी साखर सापडली २००१ साली. पाय मुंग्यांनी भरायचे, रात्री चारदा उठायला लागायचे. डॉक्टरांनी औषध दिले आणि विचारले, "दिवसभर काय करता?" मी म्हणालो, "बसतो." यापेक्षा खरे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते म्हणाले, "जेवण झालं की बसायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं चालायचं. जेवणानंतर वाढणारी साखर त्याने आटोक्यात राहते." मला हसू आले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, फी भरून, मी शतपावली शिकत होतो.

तोपर्यंत ते साहेब बदलून गेले होते आणि विभाग बराचसा माझ्या हातात होता. मी काही क्रांती वगैरे केली नाही. चार गोष्टी केल्या. जेवणाची सुट्टी पुन्हा पाऊण तासाची करून घेतली आणि त्या वेळात टेबलावर फाइल उघडायची नाही असे ठरवले, मी स्वतःही नाही. दुपारच्या चहाला साखर वेगळी ठेवायला लावली. आमच्या मजल्यापुरते, फाइल ज्याची त्याने न्यावी असे सांगितले. आणि मार्चमध्ये संध्याकाळी सात वाजता दिवे बंद. कोपऱ्यात जुन्या कपाटांमागे दोन आरामखुर्च्या टाकल्या, पण त्याबद्दल कुणाला काही सांगितले नाही. ज्यांना लागल्या त्यांनी शोधून काढल्या.

पहिल्या मार्चमध्ये मी मनातून घाबरलो होतो. हिशेब पुरे झाले नाहीत तर? झाले. वेळेत झाले. दुपारच्या पानांवरच्या लाल खुणाही कमी झाल्या, हे मी सांगू शकतो, कारण त्या करणारा मीच होतो. पण आकड्यांपेक्षा मला एक वेगळीच गोष्ट आठवते. दुपारी चारनंतर विभागात जे चिडचिडे आवाज उठायचे, ते उठेनासे झाले. काउंटरवर आलेल्या म्हाताऱ्याला 'उद्या या' म्हणण्याऐवजी कुणीतरी खुर्ची देऊ लागले. थकलेला माणूस वाईट नसतो, पण तो चांगला वागूही शकत नाही. त्याच्याकडे तेवढे शिल्लकच नसते.

म्हणून भाचीच्या कंपनीच्या कार्यक्रमाबद्दल मला काय वाटते ते सांगतो. फळांची टोपली वाईट नाही, योगासने तर नाहीच. पण अमेरिकेत अशा कार्यक्रमांची रीतसर परीक्षा झाली आहे, चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसे निवडून. इलिनॉय विद्यापीठातली एक, आणि दुकानांच्या एका मोठ्या साखळीतली दुसरी, तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. दीड-दोन वर्षांनंतर रक्तदाब, साखर, वजन, रजा, दवाखान्याचा खर्च यांत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. मला आश्चर्य वाटले नाही. दिवसाची घडी तशीच ठेवायची, जेवणाच्या वेळी मीटिंग लावायची, रात्री नऊला मेल पाठवायची, आणि वरून व्याख्यान द्यायचे की ताण घेऊ नका! तब्येतीची जबाबदारी सगळी नोकराची आणि वेळ सगळा मालकाचा, असा तो व्यवहार आहे. भाईंना कुणी व्याख्यान दिले नव्हते. त्यांना स्वतःच्या पाऊण तासावर हक्क होता, एवढेच होते. तो होता तोवर ते ठीक होते.

आता राहिलेले सांगून टाकतो.

भाईंना मी त्या आजारपणानंतर एक-दोनदा भेटलो होतो, चारचौघांबरोबर, फळे घेऊन. एकट्याने जायचे धैर्य झाले नाही. माझी साखर निघाल्यावर, २००२ च्या एप्रिलमध्ये, एका शनिवारी मी फेरी धरली आणि बेतीला गेलो. पोचेपर्यंत दुपारचा एक वाजत आला. भाई सोप्यावर बसले होते. डाव्या हाताने पेपराची घडी घालत होते. मला बघून म्हणाले, "या. जेवूनच जायचं." वहिनींनी पान वाढले. भाई डाव्या हाताने चमच्याने जेवले. बोलणे थोडे अडखळत होते, पण डोके पूर्वीसारखेच साफ. ऑफिसातल्या सगळ्यांची नावे घेऊन चौकशी केली.

जेवण झाल्यावर मी म्हणालो, "भाई, एक सांगायचं होतं. चौऱ्याण्णव सालचा तो मेमो. साहेबांची सही होती, पण..."

"पण मसुदा तुमचा होता," भाई म्हणाले. "माहीत आहे की. मसुद्याची प्रत फाइलला लागली होती. ती फाइल कपाटात कुणी ठेवली असेल? मीच. तुमचं अक्षर मला कळणार नाही?"

आठ वर्षे या माणसाला ठाऊक होते. तीन वर्षे तर तो माझ्यासमोर, दहा फुटांवर बसत होता. मी गप्प झालो. थोड्या वेळाने म्हणालो, "तेव्हा दोनला वीस कमी होती, भाई. मी घड्याळ पाहिलं होतं."

भाई बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मीही पाहिलं होतं. खुलाशात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. मुलीचं लग्न ठरत होतं, नोकरीत भानगड नको होती." आणि किंचित हसले, ओठांच्या एकाच बाजूने. "तुमची बढती, माझ्या मुलीचं लग्न. साहेबांना काय, ते बदली होऊन गेले."

मला क्षमा वगैरे मागायची होती, ती शब्दांत आलीच नाही. भाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, डाव्या हाताने उशी ओढली आणि म्हणाले, "मात्सो आड पडटां. तुम्हीही पडा. फेरी काय, चालूच असते." वहिनींनी मला चटई घातली.

मी पडलो. झोप लागेल असे वाटले नव्हते, पण लागली. जाग आली तेव्हा भाई आधीच उठून बसले होते आणि वहिनी चहा ठेवत होत्या. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षे भाई होते. दोन-तीन महिन्यांनी माझी शनिवारची एक फेरी व्हायची. मेमोचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

काल रात्री भाचीला फोन केला आणि ही सगळी हकिकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, दीडच्या मीटिंगा मीच लावते. टीम माझी आहे. त्या वेळी सगळे जागेवर सापडतात म्हणून."

"मग?"

"बघते," ती म्हणाली.

आज दुपारी तिचा निरोप आला. मीटिंग साडेअकरावर घेतली आहे. खाली लिहिले होते, 'दोघं जण जेवून नदीकडे गेलेत. मी पण निघते आहे.'

मी घड्याळ पाहिले. सव्वा वाजला होता.